एक्स्प्रेस रांगेचे मानकरी

रायगड जिल्ह्यात रांग चुकवून पुढे गेलेली पहिली नामवंत व्यक्ती म्हणजे हिरकणी. कथा सगळ्यांना पाठ आहे. कोजागिरीला गडावर दूध घालायला गेली, उशीर झाला, दरवाजे बंद झाले आणि खाली घरी तान्हं बाळ. पहारेकऱ्यांनी नियम सांगितला, दरवाजा आता सकाळीच. हिरकणीने हुज्जत घातली नाही, ‘मी कोण आहे ठाऊक आहे का’ असं विचारलं नाही, किल्लेदाराच्या मेहुण्याचं नाव घेतलं नाही. अंधारात कडा उतरून घरी गेली. महाराजांनी तिला साडीचोळी देऊन तिचा सन्मान केला आणि लगोलग त्या कड्यावर बुरूज बांधून ती वाट बंद करून टाकली. कौतुक कौतुकाच्या जागी, बंदोबस्त बंदोबस्ताच्या जागी. आज एखाद्या व्यवस्थापनाला असा कडा सापडला तर तिथे बुरूज चढणार नाही, काउंटर बसेल. ‘हिरकणी एक्स्प्रेस. दरवाजा बंद झाल्यावरही निर्गमन. दर माणशी. तान्ह्या बाळाची सबब चालणार नाही.’

गडाच्या पायथ्याला हिरकणीवाडी आहे आणि 1996 पासून रोपवे तिथूनच वर जातो. जिच्या नावाची वाडी ती बाई रात्री कड्याला नखं रोवत उतरली, आणि तिथूनच आता आपण काचेआड बसून चार-पाच मिनिटांत वर. सुट्टीच्या दिवशी मात्र या रोपवेलाच अशी रांग लागते, की तेवढ्यात एखादा धडधाकट गडी पायऱ्यांनी वर पोचून, टकमक टोकाशी उभा राहून खाली मित्राला फोन लावतो, “काय रे, अजून तिथेच?” पायऱ्या चुकवण्यासाठी रांग, मग रांग चुकवण्यासाठी काय, हा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर गडावर मिळत नाही. ते आमच्याच जिल्ह्यात, खोपोलीजवळ मिळतं.

खोपोली-पाली रस्त्यावर, खालापूर तालुक्यात इमॅजिका हे थीम पार्क आहे. मनमोहन शेट्टींनी ते उभं केलं, 18 एप्रिल 2013 रोजी ते सुरू झालं, आणि 2022 मध्ये ते संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेलं. जागेची निवड मला फार आवडते. अलीकडे महडचा वरदविनायक, पलीकडे पालीचा बल्लाळेश्वर, अष्टविनायकांतले दोन गणपती आणि त्यांच्या मधोमध नायट्रो नावाचा 132 फूट उंचीचा रोलर कोस्टर, ज्यात पायांखाली जमीन नसते आणि काही वेळा डोक्याखाली असते. सहलीचा क्रम मग आपोआप ठरतो. जाताना महडला नारळ, मध्ये नायट्रो, आणि उतरल्यावर पालीला जाऊन बाप्पाचे आभार.

तर इथे साध्या तिकिटापेक्षा जास्त पैसे मोजले की एक्स्प्रेस तिकीट मिळतं. ते दाखवायचं आणि वेगळ्या वाटेने पुढे जायचं. कल्पना एवढीच. पण या एवढ्याशा कल्पनेने आमच्या घरात जेवढे वाद झाले तेवढे वडिलोपार्जित वाडीच्या वाटणीत झाले नसतील.

आधी त्या दोन वाटांविषयी. साधी वाट म्हणजे लोखंडी कठड्यांची नागमोडी. ती पुढे जाते, मागे वळते, परत पुढे जाते. त्यामुळे तीच ती माणसं पुन्हा पुन्हा समोरून येतात. पहिल्या वळणाला आपण नजर चुकवतो. दुसऱ्याला उगाच हसतो. तिसऱ्याला “कुठून आलात?” होतं. पुढच्या वळणाला “अगंबाई, पेण? आमची धाकटी मावशी पेणलाच दिलेली आहे.” मग मावशीचं घर कुठल्या आळीत, तिचे यजमान कुठे होते, आता गुडघे कसे आहेत. राइड दिसू लागेपर्यंत कुणाचा मुलगा काय करतो आणि त्याचं कुठे जमलंय का इथपर्यंत मजल गेलेली असते. नायट्रोवर शेजारी बसून किंचाळलेली दोन माणसं पुढे विहीण-विहीण म्हणून भेटली, असं उदाहरण मला माहीत नाही, पण असणार.

एक्स्प्रेसच्या वाटेवर असलं काही नाही. ती सरळ असते, मोकळी असते आणि तिच्यावरून जाणारा माणूस कधीही शेजारच्या कठड्याकडे बघत नाही. तो मोबाइलकडे बघतो, बुटांच्या नाडीकडे बघतो, आकाशाकडे बघून ढगांचा अंदाज घेतो. पलीकडून दीडशे माणसं आपल्याला बघताहेत हे त्याला पक्कं माहीत असतं. त्यातच एखादं पोर, आपल्या आईबापांच्या हाताला लोंबकळत, खणखणीत आवाजात विचारतं,

“बाबा, ते काका पुढे कसे गेले?”

“त्यांनी जास्त पैसे भरलेत.”

“मग आपण का नाही भरले?”

“बूट नीट घाल आधी.”

हा संवाद मी दर वेळी ऐकतो. माणसं वेगळी असतात, बूट तोच असतो.

आता, एक्स्प्रेसला विरोध करणारी मंडळी समतेच्या गोष्टी बोलतात. पैसेवाल्यांचं राज्य, मध्यमवर्गाने जायचं कुठे वगैरे. मला यात फारसं तथ्य वाटत नाही. आपल्याला रांग मोडण्याचं वावडं कधीच नव्हतं. वावडं आहे ते त्यासाठी पैसे मोजण्याचं. रांग ही ओळखीने मोडायची असते, हा आपल्यावरचा संस्कार.

तो काळ आठवा. चेतक स्कूटरला नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं. टेलिफोनला अर्ज केला की मुलगा मॅट्रिक होईपर्यंत रिंग वाजायची नाही. गॅसचा सिलिंडर, रेशनचं रॉकेल, गणपतीतली कोकणची गाडी, शिवाजी मंदिरातल्या हाउसफुल्ल नाटकाच्या पुढच्या दोन खुर्च्या, सगळीकडे रांग आणि प्रत्येक रांगेच्या टोकाशी कुणाच्या तरी साडूचा चुलतभाऊ. ओळख फुकट मिळत नव्हती. ती कमवावी लागे. कुणाच्या मुंजीत पंगतीला वाढायला उभं राहायचं. कुणाला मे महिन्यात आंब्याची पेटी पोचवायची, तीही स्वतः, तक्रार न करता, एसटीने. कुणाच्या वात्रट मुलाला फुकट गणित शिकवायचं. असे वर्षानुवर्षं हप्ते भरले की मग एक दिवस, एकाच दिवस, कुणीतरी मागच्या दाराने आत घ्यायचं. त्या दिवशी बायको आपल्याकडे ज्या नजरेने बघायची त्या नजरेचे ते पैसे होते.

आणि आता? काल पैसे आलेला पंचविशीतला पोरगा अंगठ्याने दोनदा मोबाइल टोचतो आणि पुढे जातो. मुंज नाही, आंबे नाहीत, गणित नाही. एका अख्ख्या पिढीची जन्मभराची गुंतवणूक रातोरात बाद झाली. नोटा बाद झाल्या तेव्हा निदान बँकेत जाऊन बदलून तरी मिळत होत्या.

आम्ही अलिबागचे असल्याने हे दुःख आम्हाला जरा जास्तच. नाताळात, मे महिन्यात, शनिवारी-रविवारी मुंबई-पुण्याचे पाहुणे येतात, आणि येण्याआधी फोन. “अरे, जेट्टीवर तुझी ओळख असेलच ना?” नाही कसं म्हणणार? आणि ओळख आहेही. मागच्या डिसेंबरात पाहुण्यांना परतीच्या बोटीला सोडायला मांडव्याला गेलो. रांग धक्क्याबाहेर आलेली. मी पाहुण्यांना “या माझ्यामागे” असं बेताने म्हणून थेट पुढे गेलो. तिथला माणूस मला बघून मनापासून हसला. हात हातात घेतला. आईची तब्येत विचारली, धाकट्याची दहावी विचारली. मग तितक्याच प्रेमाने म्हणाला, “रांग त्या टोकाला आहे हां काका.” ओळख पूर्णपणे शाबूत होती. फक्त तिचा उपयोग संपला होता.

या एक्स्प्रेसला नावं ठेवणाऱ्यांना मी देवळांची आठवण करून देतो. तिरुपतीला 300 रुपयांचं विशेष प्रवेश दर्शन आहे. लालबागला नवसाची रांग वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी. रेल्वेने तर 1997 मध्येच तत्काळ आणून सांगून टाकलं की सहा महिने आधी ठरवणाऱ्या शहाण्याइतकीच आयत्या वेळी जाग येणाऱ्यालाही सोय हवी, फक्त जरा महाग. देवाच्या दारी आणि रुळांवर चालतं ते खोपोलीला का चालू नये?

मात्र या विषयात शेवटचा शब्द वारकऱ्यांचाच. आषाढीला पंढरपुरात दर्शनाची रांग मैलोगणती जाते. तासन्‌तास उभं राहण्याची ताकद नाही, त्याने लांबून कळसाला हात जोडायचे. दर्शन पोचलं. ना पास, ना बारकोड, ना वरचे पैसे. रांग चुकवण्याची याहून सोपी युक्ती जगात कुणाला सुचलेली नाही आणि ती फुकट आहे म्हणून तिचा कुठल्या व्यवस्थापनाच्या शाळेत धडा नाही. आमच्या आप्पांनी हीच युक्ती इमॅजिकात वापरली. गाडीतून उतरल्यावर लांबूनच त्यांनी नायट्रोच्या शिखराकडे पाहिलं, वरून एक डबा उलटा होऊन किंचाळत गेला, आप्पांनी दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, “झालं. आता चहा कुठे मिळतो ते बघा.”

तिकिटं काढतानाही आप्पांचाच प्रश्न सर्वांत अवघड होता. “मी कुठल्याच पाळण्यात बसणार नाही, मग मला एक्स्प्रेस कशाला?” बरोबर होतं. पण आप्पांना साधं तिकीट काढलं तर म्हाताऱ्या माणसाला कमी लेखल्यासारखं दिसणार. शिवाय पिशव्या सांभाळणारा माणूस असतोच प्रत्येक सहलीत, आणि बाकी सगळे एक्स्प्रेसने भराभर सुटले तर तोही भराभर पुढच्या राइडच्या बाकावर पोचला पाहिजे. म्हणजे पिशव्यांनाही एक्स्प्रेस लागतो. रात्री जेवणं झाल्यावर ताटं तशीच ठेवून हिशेब चालला होता. एका माणसाचे वरचे पैसे भागिले वाचणारी मिनिटं. मिनिटाचा दर निघाला तेव्हा बायको म्हणाली, “एवढा दर तर तुमच्या ऑफिसनेही तुमच्या वेळेला कधी लावला नाही.” हे खरं असल्यामुळे हिशेब तिथेच थांबला.

पण त्या हिशेबातली एक गोष्ट माझ्या डोक्यातून गेली नाही. वाचलेली मिनिटं येतात कुठून? कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत एर्लांग नावाचा गणिती होता. एक्सचेंजवर किती लोकांना ताटकळावं लागेल याचं गणित त्याने 1909 मध्ये मांडलं आणि रांगेचं शास्त्र सुरू झालं. ते शास्त्र फार पुढे गेलंय, पण आपल्या कामापुरतं एवढंच पुरे की रोलर कोस्टर तासाला नेतो तितकीच माणसं नेतो. डबे तेवढेच, खुर्च्या तेवढ्याच. पासवाला पुढे बसला म्हणजे खुर्ची वाढली नाही, माझी खुर्ची पुढच्या फेरीला गेली. त्याची जी दहा मिनिटं वाचली ती आभाळातून पडली नाहीत, कठड्यात उभ्या असलेल्या लोकांच्या खिशातून सुटी सुटी गोळा झाली. वेळ माझा, वापरणारा दुसरा, पैसे तिसऱ्याला, आणि मी मात्र या व्यवहाराला तिकीट काढून हजर. शेताच्या बांधावरून एवढं झालं असतं तर तीन पिढ्या कोर्टात गेल्या असत्या.

वर आणखी एक आहे. डेव्हिड मायस्टर या अभ्यासकाने 1985 मध्ये रांगेत उभ्या माणसाच्या मनावर एक निबंध लिहिला. रिकामपणी थांबलेला वेळ लांब वाटतो हे आपल्या आजीलाही ठाऊक होतं, म्हणून ती थांबताना वाती वळायची. पण मायस्टर पुढे सांगतो की अन्याय होतोय असं वाटलं की तीच रांग आणखी लांब वाटते. म्हणजे एक्स्प्रेसवाला शेजारून गेला की माझी रांग दोनदा वाढते. एकदा घड्याळात आणि एकदा डोक्यात.

इतकं सगळं असून एक्स्प्रेसवाला सुखी असतो का? नसतो. याचा पुरावा म्हणजे आमचे डोंबिवलीचे भावजी.

भावजींनी एकदा जुलैतला बुधवार गाठला. शाळा सुरू, पाऊस मुसळधार, आणि घरबसल्या सगळ्यांची एक्स्प्रेस तिकिटं काढून तयार. “अरे, आयुष्यभर लोकलच्या रांगा केल्या. एक दिवस तरी रांगेकडे बघत बघत पुढे जायचंय मला.” गाडी लावतानाच मला संशय आला, कारण गाडी कुठे लावू असं कुणाला विचारावं लागलं नाही. आत गेलो. पहिल्या राइडच्या तोंडाशी दोन्ही वाटा मोकळ्या. भावजींनी पास बाहेर काढला तर तिथला पोरगा रेनकोटमधूनच म्हणाला, “सर, या कुठूनही.”

हे ‘कुठूनही’ भावजींना फार लागलं. ते हट्टाने एक्स्प्रेसच्याच वाटेने गेले. साध्या वाटेने एक नाशिकचं कुटुंब आमच्याबरोबर चालत होतं, एकाच वेळी फाटकाशी पोचलं आणि एकाच डब्यात बसलं. पट्टे आवळताना भावजींनी त्यांना विचारलंच,

“आपलं साधं का हो?”

“हो. रांगच नाही ना आज.”

त्या फेरीत सगळे ओरडले. भावजी ओरडले नाहीत.

नंतर दिवसभर ते राइड बघत नव्हते, रांग शोधत होते. “तिकडे गर्दी दिसतेय का बघ जरा.” कुठेच नव्हती. मुलं तर उतरायचं नाव घेत नव्हती. एक फेरी संपली की त्याच खुर्चीत दुसरी, मागे कुणी थांबलेलंच नाही. त्यांचा दिवस सोन्याचा चालला होता आणि भावजींचा चेहरा दर फेरीला उतरत होता. ताई म्हणाली, “छत्री घेतली आणि पाऊस पडलाच नाही म्हणून कुणी रडतं का?” हे ती डोक्यावर ओढणी घेऊन, धो धो पावसात म्हणत होती. शेवटी चारच्या सुमाराला एका वळणावर खरोखर रांग दिसली. वीस-पंचवीस माणसं, ओली, कुडकुडत. भावजींच्या अंगात वारं आलं. पास उंच धरून ते थेट पुढे गेले. गरम भज्यांचा काउंटर होता. आतल्या बाईंनी झारा तसाच कढईत ठेवून पास नीट वाचला आणि म्हणाल्या, “हा भज्यांना नाही चालत.” भावजी मागे जाऊन रांगेत उभे राहिले. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा निवांत बघितलं. पुढचा माणूस डोंबिवलीचाच निघाला.

पास विकणाऱ्याकडे विकायला खरं तर एकच गोष्ट असते, दुसऱ्यांची रांग. ती नसली की पास म्हणजे कोरा कागद. हे अमेरिकेत डिस्नेने फार व्यवस्थित शिकून घेतलं. 1999 मध्ये त्यांनी फास्टपास आणला तेव्हा तो फुकट होता. आत आलेल्या प्रत्येकाला. वेळ घ्या, फिरून या, आणि ठरल्या वेळेला आत जा. लोकांना वीस-बावीस वर्षं त्याची छान सवय लागू दिली आणि 2021 मध्ये तो बंद करून त्या जागी विकतचा आणला. आमचा न्यू जर्सीचा भाचा तिकडे मुलांना घेऊन गेला होता. तो म्हणाला, “मामा, तिथे सकाळी उठल्या उठल्या मोबाइलवर राइड पकडावी लागते.” मी म्हटलं, आम्ही सकाळी दहाला तत्काळसाठी तेच करतो, तेही परदेशी न जाता.

विकतचा पास सगळ्यांनी घेतला की काय होतं हे बघायला तेवढं लांब जायला नको. फास्टॅग आठवा. सुरुवातीला फास्टॅगची मार्गिका मोकळी असायची आणि रोखीच्या मार्गिकेतली गाड्यांची माळ बघत आपण सुळकन जायचो. फेब्रुवारी 2021 मध्ये तो सगळ्यांना सक्तीचा झाला. सगळेच एक्स्प्रेस झाले. मग रांगही फास्टॅगची झाली.

त्याहून मोठा पास 12 जानेवारी 2024 पासून आमच्या जिल्ह्यात येऊन टेकला आहे. शिवडीहून निघणारा 21.8 किलोमीटरचा अटल सेतू समुद्रावरून येतो आणि उरण तालुक्यात चिर्ल्याला उतरतो. गाडीला एका वेळचे 250 रुपये. पाहुणे त्याचं वर्णन करताना हरखून जातात. “वीस-बावीस मिनिटांत पलीकडे! एक सिग्नल नाही!” मी विचारतो, “मग घरी पोचायला अंधार कसा झाला?” तेव्हा ते गप्प होतात, कारण पुढे पेण येतं, वडखळ येतं, आणि वडखळहून अलिबागकडे वळणारा रस्ता येतो. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण 2011 मध्ये सुरू झालं, त्या वर्षी जन्मलेली मुलं आता मिसरूड फुटून त्याच रस्त्यावर आईबापांबरोबर अडकलेली दिसतात. 250 रुपये देऊन माणूस वडखळच्या कोंडीत लवकर पोचतो, हा खरा लाभ. नशीब एवढंच की तिथे गाडीच्या काचेशी पांढऱ्या कांद्याच्या माळा येतात, कैऱ्या येतात, थंडीत वालाच्या शेंगा येतात. घासाघीस करायला भरपूर वेळ असल्याने भाव रास्त पडतो.

मला विचाराल तर रांगेच्या बाबतीत आमच्या जिल्ह्यात एकच कारभारी चोख आहे, तो म्हणजे समुद्र. पावसाळा लागला की गेटवे-मांडवा बोटी सप्टेंबरपर्यंत बंद. कुणाचा फोन येवो. भाऊच्या धक्क्याहून मार्च 2020 पासून गाड्यांसकट नेणारी रो-रो आली, तेव्हा पाहुण्यांना वाटलं आता समुद्रही आपल्या खिशात. वारा फिरला की तीही किनाऱ्याला थांबते आणि गाडीत बसलेला साहेब, त्याचा ड्रायव्हर आणि डेकवरची कोळीण एकाच ढगाकडे बघत बसतात.

जंजिऱ्याची गोष्ट तर सांगायलाच नको. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होड्या सुटतात. होडी भरल्याशिवाय निघत नाही आणि रविवारी माणसं जास्त, होड्या मोजक्या. तिथे उन्हात उभं राहून लोक करवादतात, “पाऊण तास झाला, अजून आत जायला मिळत नाही!” अहो, तो जंजिरा आहे. शिवाजी महाराजांनी प्रयत्न केले, संभाजी महाराजांनी तर समुद्रात भराव घालून सेतू बांधायला घेतला, तरी सिद्दीने दाद दिली नाही. तुम्ही पाऊण तासात, पाण्याची बाटली हातात घेऊन, टोपी न पडू देता आत जाताय. एवढा मान आजवर कुठल्या सेनापतीला मिळाला?

आणि अलिबागचा कुलाबा. पास विकण्याचा धंदा या किनाऱ्यावर कुणी पक्का केला असेल तर तो इथून, कान्होजी आंग्र्यांनी. कोकण किनाऱ्यावरून व्यापारी गलबत न्यायचं तर आंग्र्यांचं दस्तक घ्यायचं. दस्तक असेल तर पुढे. नसेल तर रांगेत थांबा असं नाही, गलबतच आंग्र्यांकडे जमा. इंग्रजांना हे फार झोंबलं. त्यांनी 1717 मध्ये दिल्लीच्या फर्रुखसियर बादशहाकडून व्यापाराचं फर्मान मिळवलं होतं, म्हणजे चांगली वरपर्यंत ओळख होती. पण ती कुलाब्याच्या पाण्यात चालेना. मग 1721 मध्ये पोर्तुगीजांना जोडीला घेऊन ते कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. माझं मत विचाराल तर त्यांची तक्रार आणि आपली तक्रार एकच होती. पासाला हरकत नव्हती, आम्हाला का, याला होती.

अलिबागच्या माणसाला ‘अलिबाग से आया है क्या’ म्हणून हसणाऱ्यांची मुंबईत कमी नाही. 2019 मध्ये आमच्यातल्या एकाने त्यावर बंदी घालावी म्हणून उच्च न्यायालयात याचिका केली, ती फेटाळली गेली. असो. हसणारे कुलाबा बघायला आले की काय करतात ते मी किनाऱ्यावरून रोज बघतो. भर भरतीला येतात, समोर किल्ला आणि मध्ये पाणी बघून विचारतात, “हे कधी उघडतं?” ओहोटीला चालत जाता येतं म्हटलं की, “नाही, पण काही एक्स्ट्रा देऊन?” एक्स्ट्रा देऊन होडी मिळते आणि पाणी उतरत असताना घोडागाडी मिळते. पाणी काही उतरत नाही.

म्हणून येणाऱ्यांना एवढंच सांगतो. निघण्याआधी पंचांगात तिथी बघा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. त्याच्या पुढे-मागे सहा तासांनी ओहोटी. हा कोळ्यांचा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी पूर्ण ओसरत नाही, तेव्हा पँट दुमडायची तयारी ठेवा. पुनवेला आणि अवसेला उधाण, तेव्हा पाणी लांबवर जातं पण येतंही तितक्याच वेगाने. किल्ला बघताना रमलात तरी घड्याळावर लक्ष असू द्या. आणि घोडागाडीवाल्याशी परतीचा भाव जातानाच ठरवा. पाणी घोट्याच्या वर आलं की तो भाव ठरवतो.